इथे एक खुर्ची ठेवली आहे

गेर्डाआजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवणाच्या रांगेत उभी होते. फोन तिच्या भाच्याचा, योर्गचा. हा माणूस मुळातच कमी बोलतो. "तांटे गेर्डा सकाळी गेली. झोपेतच," एवढं म्हणून तो थांबला. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, "घराची किल्ली तुझ्याकडेच आहे ना?" मी हो म्हटलं. मला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता घंटी वाजली तर दार मला उघडावं लागेल. मागून कोणीतरी मला पुढे सरकायला सांगत होतं. माणूस गेल्यावर दुःख आधी यायला हवं, माझ्याकडे आधी भीती आली. त्या घरात राहिल्याशिवाय ही भीती कळायची नाही, म्हणून ती सुरुवातीपासून सांगते.

मी जर्मनीत ब्योब्लिंगेनला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते आणि एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, थोडं पुढे असलेल्या एका लहान गावात, गेर्डाआजीच्या घरी, माळ्यावरच्या खोलीत भाड्याने राहते. गेर्डा थीलेमान हे नाव महाराष्ट्रात कोणाला माहीत असण्याचं कारण नाही. जर्मनीतही ते आता ग्राफिक डिझाइन शिकवणाऱ्या थोड्या मास्तरांना तेवढं माहीत आहे. युद्धानंतर, हा देश अजून विटा रचून उभा राहत होता त्या काळात, या बाईने 'बोगन' नावाचं एक मासिक काढलं. बोगन म्हणजे छापखान्यातला मोठा सबंध कागद, आपल्याकडे छापून घडी घातल्यावर ज्याचा फर्मा होतो तो. अख्खा अंक म्हणजे असा एकच कागद. घड्या घातलेला, न शिवलेला, न कापलेला. वाचणाऱ्याने सुरी घेऊन स्वतः पानं मोकळी करायची. त्यात सुंदर पोस्टरांची प्रदर्शनं नसायची. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, रेल्वेचं वेळापत्रक, कचेरीतले अर्ज, स्मशानातल्या पाट्या यांच्याबद्दल ती लिहायची. हे अक्षर कोणी काढलं, कोणासाठी काढलं, आणि वाचणाऱ्याचं त्याने काय केलं, एवढेच तिचे प्रश्न. इथल्या स्थानिक पेपरने तिच्या मृत्यूच्या बातमीत तिला 'सुबक मांडणीची पुरस्कर्ती' म्हटलं. मी तो पेपर चुरगळून टाकला. सुबक हा शब्द तिला शिवीसारखा लागला असता.

मी पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा ती नव्वदीच्या पुढे होती, काठी न घेता चालायची, आणि समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या हातातल्या कागदाकडे आधी बघायची. दार उघडल्यावर लगेच, कोट टांगायच्या खुंट्यांच्या खाली, एक साधी लाकडी खुर्ची होती. मी तिच्यावर बॅग ठेवायला गेले तर ती घाईने म्हणाली, "तिथे नको. तिथे काही ठेवायचं नसतं." मला वाटलं, पाय मोडका असेल. खोली मला आवडली, तिला मी चालले. मग ती म्हणाली, "आता नाव सांगा. घंटीच्या पाटीवर नाव नसेल तर इथे पोस्टमन परत जातो. नाव नसलेला माणूस इथे राहत नाही."

"विशाखा."

"पूर्ण."

"विशाखा पुरेल."

"पोस्टमनला पुरणार नाही."

माझी जीभ अडली. पुण्यात शिकायला होते तेव्हा खोली शोधताना मी हेच करायचे, फक्त पहिलं नाव सांगायचे. आडनाव विचारलं की पाणी प्यायचे, फोन आल्यासारखं करायचे. कारण आडनाव सांगितलं की खोली 'कालच गेलेली' असायची. गोंडाणे हे आडनाव ऐकून जर्मनीतल्या म्हातारीला काही म्हणजे काही कळणार नाही हे मला ठाऊक होतं. तरीही... भीतीला देश कळत नाही बहुतेक. मी शेवटी सांगितलं, स्पेलिंगही सांगितलं. तिने तळघरात नेलं. तिथे हाताने फिरवायचं जुनं प्रूफ मशीन होतं आणि शिशाच्या खिळ्यांनी भरलेले खण. माझं नाव तिने एकेक खिळा उचलून जुळवलं आणि अरुंद पट्टीवर छापलं. शाई वाळेपर्यंत आम्ही उभ्या होतो. "तुम्हाला नावाची भीती वाटते?" तिने विचारलं. मी लगेच नाही म्हटलं. "मला वाटते," ती म्हणाली, जसं कोणी सांगावं की मला दूध पचत नाही.

पुढे काही महिन्यांनी तिने मला अहो-जाहो सोडायला सांगितलं आणि म्हणाली, गेर्डा म्हण. आता नव्वदीच्या बाईला मी नुसतं नावाने कशी हाक मारणार? मी म्हटलं, आमच्याकडे आजी म्हणतात आणि आजीला तू म्हटलेलं चालतं. "आजी," तिने म्हणून बघितलं. "हो. छोटं आहे. ओळीत कुठेही बसेल."

मी पत्रकांवर वाढले. हे मी कौतुकाने सांगत नाही, आमच्या घरी खरंच दुसरं वाचायला फारसं नव्हतं. बाबा नागपुरात शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात चार पानी पत्रकं, निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तिका लिहायचे. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर सतरंजी टाकून आम्ही त्या विकायचो. घड्या घालायचं काम माझं आणि भावाचं. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बाबांचं नाव आणि घरचा पत्ता असायचा. एकदा एका गावातल्या पाण्याच्या भांडणावर त्यांनी लिहिलं, त्यात माणसांची नावं घेतली, आणि थोड्याच दिवसांत काही लोक आमच्या घरी आले. पत्र्यावर दगड पडले. आत मी आणि भाऊ पलंगाखाली. त्यानंतर बाबांच्या पत्रकांवर पत्ता आला नाही, नुसता पोस्टाचा बॉक्स नंबर यायचा.

हे मी गेर्डाआजीला सांगितलं तेव्हा मला वाटलं, ती बाबांच्या लिखाणाबद्दल विचारेल. तिने विचारलं, "दार कोणी उघडलं?"

"आईने."

"आल्झो, असं तर," ती म्हणाली. "म्हणजे पत्ता तुझ्या आईचा होता."

मग तिने तिची गोष्ट सांगितली. 'बोगन'च्या एका अंकात तिने एक साधी गोष्ट केली होती. डाव्या पानावर युद्धाच्या काळातली सरकारी पोस्टरं, उजव्या पानावर साबणाच्या, शिवणयंत्राच्या नव्या जाहिराती. प्रत्येक जोडीत दोन्हीकडे अक्षर एकाच हाताचं. खाली त्या हातांची नावं. हे लोक आता या भागातले मानाचे मास्तर आणि छापखान्यांचे मालक होते. अंक निघाला आणि लोक तिला शोधत निघाले. पण तिने मधल्या काळात खोली बदलली होती. नाव-पत्त्याच्या ओळी दर अंकाला त्याच असतात, म्हणून छापखान्यात त्या जुळवून, दोरा बांधून फळीवर तशाच ठेवलेल्या असायच्या. कोणाच्या लक्षातच आलं नाही. अंकावर जुना पत्ता गेला. त्या खोलीत आता युद्धानंतर पूर्वेकडच्या घरातून हाकलली गेलेली एक विधवा लहान मुलाला घेऊन राहत होती. लोकांनी तिच्या दाराची काच फोडली. काच मुलाच्या अंगावर पडली.

"तिने दार उघडून काय म्हटलं माहीत आहे?" गेर्डाआजी म्हणाली. "ती म्हणाली, मी निघते, फक्त बॅग भरू द्या. तिला वाटलं, पुन्हा तेच सुरू झालं."

त्या दिवसापासून तिने नावाचा मजकूर कधी बांधून ठेवला नाही. प्रत्येक अंकाला नव्याने जुळवायचा. छापण्याआधी त्याचं प्रूफ हातात घेऊन स्वतःच्या घराच्या दाराशी जायचं, बाहेर उभं राहायचं, आणि पाटीवरचं नाव, घराचा नंबर मोठ्याने वाचत प्रूफवर टिक करायची. पाऊस असो, बर्फ असो. शेजारी हसायचे म्हणे, बाईला स्वतःचं घर आठवत नाही. आणि आणखी एक. बाकी मासिकांत नाव-पत्ता शेवटच्या पानावर बारीक टायपात दडपलेला असतो. 'बोगन'मध्ये तो पहिल्या पानावर, मजकुराच्याच टायपात. त्याच्या खाली प्रत्येक अंकात न चुकता एक ओळ यायची. 'इथे एक खुर्ची ठेवली आहे.' बस, एवढीच. अभ्यासकांनी त्या ओळीवर बरंच लिहिलंय. एकाने प्रबंधात मांडलं की ही रिकामी खुर्ची म्हणजे वाचकाचं स्थान. ते मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती खोकला येईपर्यंत हसली. पण अर्थ विचारला तर उठून स्वयंपाकघरात गेली.

तिची भीती मी रोज बघत होते. घंटी वाजली की ती आधी दचकायची. मग चालत दारापर्यंत जायची, त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. बसायची नाही. बाहेरचा माणूस दुसऱ्यांदा घंटी वाजवायचा. मग ती दार उघडायची. बाहेर बहुतेक वेळा पार्सलवाला असायचा, नाहीतर समोरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आलेला, दार चुकलेला कोणी. एकदा मी विचारलं, "पाय थरथरायचे थांबले की उघडतेस का?"

"पाय थांबत नाहीत," ती म्हणाली. "ते थांबणार नाहीत हे कळेपर्यंत उभं राहायचं."

गेल्या वर्षी गावातल्या रिकाम्या पडलेल्या जुन्या शाळेत निर्वासित कुटुंबांना ठेवायचं ठरलं, आणि एका सकाळी सगळ्यांच्या पत्रपेटीत एक पत्रक आलं. गाव कसं होतं आणि आता कसं होईल, मुलींनी कोणत्या रस्त्याने जाऊ नये, असलं सगळं. मी वाचून पेटले. गेर्डाआजी भिंग घेऊन ते तपासत होती.

"काय शोधतेस?"

"अक्षरांमधलं अंतर बघ," ती म्हणाली. "घाईत केलेलं नाही. कोणीतरी याला वेळ दिलाय. शिकलेल्या हाताचं काम आहे, आमच्याच धंद्यातल्या. वेडंवाकडं असतं तर मी कॉफी करायला गेले असते." तिने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "आणि नाव कुठे आहे?"

नाव नव्हतं. इथल्या कायद्याने पत्रकावर जबाबदार माणसाचं नाव-पत्ता असावा लागतो. या कागदावर कोणीच नव्हतं. तिने तो टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर भांडं ठेवलं, जणू तो उडून जाईल. मग म्हणाली, एक 'बोगन' काढू. इतक्या वर्षांनी. तू लिही.

त्या कुटुंबांना इथे राहू द्या, असं मी लिहिलं. बाबांची मुलगी आहे, लिहायला मला वेळ लागत नाही. मजकूर कॉपीशॉपमधून छापून आणायचा आणि नावाची ओळ तळघरातल्या मशीनवर हाताने छापायची असं ठरलं. मग त्या ओळीवरून आमचं भांडण झालं.

"नाव माझं," मी म्हटलं.

"तुझा राहायचा परवाना?"

"वाढवायला दिलाय."

"आणि आउस्लेंडरबेहोर्डं काय म्हणतं?" हे इथलं परदेशी लोकांचं ऑफिस.

"काही म्हणत नाही. उत्तर यायचंय."

"मग नाव माझं."

"मजकूर मी लिहिलाय. तुझ्या नावामागे मी लपणार नाही. आमच्याकडे असं करत नाहीत."

"तुमच्याकडे दार तुझ्या आईने उघडलं," ती म्हणाली. मला ते लागलं, आणि तिला ते कळलं. ती थोडी मऊ झाली. "नाव म्हणजे शौर्य नाही, विशाखा. ज्याला भांडायचंय त्याने कुठे यायचं, एवढंच ते सांगतं. दिवसभर घरी कोण असतं? मी. तू असतेस ऑफिसात. लोकांनी काय कुलपाशी भांडायचं?"

अंकावर तिचं नाव छापलं, खाली खुर्चीची ओळ छापली. प्रूफ घेऊन आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या राहिलो, तिने पाटी वाचली, मी टिक केली. लोक खरंच आले. एक बाई येऊन तासभर बोलली आणि आपलं मत तसंच घेऊन परत गेली. एकजण उंबऱ्यावरून ओरडला, गेर्डाआजी शांतपणे म्हणाली, "कॉफी टाकू?" आणि त्याला पुढचं वाक्य सुचेना. मी हसले, पण तिच्या ब्लाउजची पाठ घामाने ओली झालेली मी बघितली होती.

मग एका सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा घंटीच्या पाटीतल्या दोन्ही पट्ट्या नव्हत्या. तिचीही नाही, माझीही नाही. काच फुटली नव्हती, भिंतीवर काही लिहिलं नव्हतं. फक्त नावं सफाईने काढून घेतलेली, आणि घंटीच्या बटणांशेजारी दोन रिकाम्या चौकटी. मी आत येऊन तिला सांगितलं, आणि ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. जमिनीवर. खुर्ची शेजारीच होती.

"घंटी वाजली की बरं असतं," ती म्हणाली. "न वाजता नाव जातं ना... तेव्हा मला भीती वाटते." आणि त्या दिवशी, तिथेच फरशीवर बसून, तिने मला खुर्चीचं सांगितलं.

समोर आता दवाखाना आहे त्या घरात तिच्या लहानपणी एक ज्यू कुटुंब राहायचं. त्या घरापुढच्या फुटपाथवर त्यांच्या नावांच्या छोट्या पितळी पाट्या बसवल्यात. मी रोज त्यांना वळसा घालून एस-बान गाठायचे. त्यांची मुलगी गेर्डाहून मोठी होती, खिडकीशी खुर्चीवर बसून अभ्यास करायची. गेर्डाला याच घराच्या खिडकीतून ती दिसायची. एका सकाळी त्यांच्या दारावरची पाटी गेलेली होती. मग सरकारने त्या सगळ्यांना नेलं. काही दिवसांनी भिंतीवर नोटीस लागली की त्या घरातल्या सामानाचा लिलाव आहे. खाली कोणाचं नाव नव्हतं, फक्त कचेरीचा शिक्का. "इतकं देखणं अक्षर मी तोवर बघितलं नव्हतं," गेर्डाआजी म्हणाली. लिलाव अंगणात झाला, अर्धं गाव आलं होतं. गेर्डाच्या आईने त्या मुलीची खुर्ची आणली आणि गेर्डाच्या टेबलाला लावली. लिलाव झाल्यावर भिंतीवरची नोटीस गेर्डाने सोडवून घरी आणली, आणि त्या खुर्चीवर बसून वहीत ती अक्षरं गिरवली. शाळेत बाईंनी शाबासकी दिली. "अक्षर काढायला मी तिथे शिकले. तिच्या खुर्चीवर."

गेर्डाला कळायला लागल्यापासून त्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. घर बदललं, खोल्या बदलल्या, शेवटी गेर्डा पुन्हा या आईच्या घरात आली, प्रत्येक ठिकाणी खुर्ची दाराजवळ. मुलगी वाचली असं कोणीतरी म्हणालं होतं. गेर्डाआजीने शोधलं, पत्रं पाठवली, काही हाती लागलं नाही. म्हणून अंकावर पत्ता आणि ती ओळ. घंटी वाजली की तिला वाटायचं, ती मुलगी आली.

"मग सरळ का नाही लिहिलंस? कोणाची खुर्ची, कशी आली?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, नेहमीसारखा.

"भीती वाटली. त्या दिवशी काहीतरी घेऊन गेलेल्या घरांत मी वाढले. आमच्या शेजारी, दुकानात, चर्चमध्ये तेच लोक. मी एकटीने लिहिलं तर सगळ्यांचंच लिहिल्यासारखं झालं असतं. म्हणून अर्धं लिहिलं."

"ते अर्धं कोणाला कळायचं?"

"ज्यांच्या घरी काही होतं, त्यांना कळायचं," ती म्हणाली. "गावातल्या एकानेही मला आजवर विचारलं नाही, बाई, ही कुठली खुर्ची?"

दुसऱ्या दिवशी तिने दोन नव्या पट्ट्या छापल्या. त्या मी लावल्या. पण त्यानंतर ती दचकायची ती घंटी वाजली नाही तरी. दिवसातून कितीदा तरी दार उघडून पाटी आहे का बघायची. थंडी वाढली, छातीत कफ झाला, हॉस्पिटलात न्यावं लागलं. शेवटचं भेटले तेव्हा तिच्या मनगटावर हॉस्पिटलने नावाचा प्लास्टिकचा पट्टा बांधला होता. तो तिने मला दाखवला. "गलिच्छ टाइप आहे," ती म्हणाली. मग डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी उठले तेव्हा म्हणाली, "ओळ अर्धी आहे. पूर्ण करशील?" मी विचार न करता हो म्हणून गेले. असं आपण आजारी माणसाला म्हणतोच...

ती गेल्यावर योर्ग आला. माणूस वाईट नाही. घर विकेपर्यंत मला राहू दिलं, कागद नीट खोक्यांत भरून एका संग्रहालयाला दिले. जुनं सामान मात्र त्याने फुटपाथवर काढलं. इथे तशी पद्धत आहे, महापालिकेची गाडी येऊन घेऊन जाते, तोवर ज्याला हवं त्याने उचलावं. मी ऑफिसहून आले तर खुर्ची समोरच्या फुटपाथवर, त्या पितळी पाट्यांच्या शेजारी उभी होती, आणि एक बाई तिचे पाय हलवून बघत होती. "मजबूत आहे," ती मला कौतुकाने म्हणाली, "घेऊ ना?" मी फक्त खुर्ची धरली. ती सोडेना, मी सोडेना. शेवटी ती पुटपुटत निघून गेली. मी खुर्ची आत आणली, दाराजवळ ठेवली, आणि तेव्हा मला कळलं की मी हॉस्पिटलात काय कबूल करून आले होते. पूर्ण ओळ छापायची म्हणजे खाली जिवंत माणसाचं नाव हवं. परदेशी, परवान्याचं उत्तर न आलेलं, या घरात आता एकटं राहणारं.

घरी फोन केला. बाबा सगळं ऐकून म्हणाले, "बेटा, नाव नको टाकू. ते परमिटचं होऊ दे आधी."

"बाबा, तुम्ही टाकत होता."

"टाकत होतो म्हणूनच सांगून राहिलो."

मागे आईचा आवाज आला. तिने फोन घेतला. तिला जर्मनी, डिझाइन, मासिक यातलं काही विचारायचं नव्हतं. "दाराले आतून साखळी आहे नं?" ती म्हणाली.

"आहे."

"मग टाक."

शाळेवरचा तोच मजकूर मी पुन्हा छापून आणला आणि तळघरात जाऊन त्यावर घालायला माझं नाव जुळवलं. गोंडाणे. मला सवय नाही, खिळे उलटे दिसतात, दोनदा सगळं सांडलं. खाली लिहिलं: 'इथे एक खुर्ची ठेवली आहे. ती आमची नाही. समोरच्या घरातली माणसं नेल्यावर त्यांचं सामान अंगणात विकलं, तेव्हा गेर्डा थीलेमानच्या घरी ती आली. जिची आहे तिची वाट बघत आहोत.' प्रूफ घेऊन बाहेर आले. पाटीवर वरची पट्टी अजून तिचीच होती. मी दोन्ही नावं मोठ्याने वाचली, घराचा नंबर वाचला, टिक केली. रस्त्यावरून जाणारा कुत्रेवाला थांबून बघत राहिला. मला लाज वाटली, आणि लाजेखाली ती दुसरी गोष्ट, पत्र्यावरच्या दगडांच्या आवाजाची. त्या शनिवारी मी गावभर पत्रपेट्यांत कागद टाकले.

रविवारी सकाळी घंटी वाजली. मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला, चालत दाराशी आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. लाकूड त्या एका जागी गुळगुळीत झालंय, तिच्या हाताने. घंटी पुन्हा वाजली. पाय थांबले नाहीत. मी साखळी लावून दार उघडलं.

बाहेर एक म्हातारा माणूस होता. ऐंशीच्या पुढचा, इस्त्रीचा कोट, हातात आमचा कागद, पानं सुरीने नीट कापलेला. त्याने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "फ्राउ गोंडाणे?" उच्चार बरोबर केला. म्हणाला, शाळेबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला अजिबात पटलेलं नाही, आणि ते सांगायला मी आलोय. मी म्हटलं, बरं. त्याने कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग साखळीच्या फटीतून आत बघत त्याने विचारलं, "ही ती खुर्ची?"

मी साखळी काढली. तो आत आला. खुर्चीपाशी उभा राहिला, हात पुढे केला, पण लावला नाही. बसा म्हणायची सवय माझ्या तोंडापर्यंत आली आणि तिथेच थांबली. तोही बसला नाही. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना तसेच उभे होतो.

"आमच्याकडे त्यांचं कपाट आहे," तो म्हणाला.